किल्ल्या बाहेर ठेवून या

आधी खिसे रिकामे करा. घराच्या किल्ल्या, मोबाइल, कमरेच्या पट्ट्याचं बक्कल, केसांतली पिन, सगळं इथेच काढून ठेवा. अंगावर लोखंडाचा तुकडाही नको. आपण जिथे चाललो आहोत तिथे एक पोलादी पट्टी टांगलेली आहे, आणि तुमच्या खिशातल्या किल्लीचीही तिला चाहूल लागते.

शुक्रवार, 2 सप्टेंबर 1859. मुंबई, कुलाबा.

भाद्रपद नुकताच लागलाय. गावात घरोघरी गणपती बसलेत. कुलाबा बेट मुंबईला पक्क्या रस्त्याने जोडलं गेलं त्याला वीसेकच वर्षं झालीत, त्यामुळे इकडे अजून तुरळक वस्ती आहे, तिन्ही बाजूंनी समुद्राचा आवाज आहे आणि हवेत खारट ओल आहे. समोरची वेधशाळा ईस्ट इंडिया कंपनीने 1826 मध्ये उभारली. ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकरांनी इथे काम पाहिलं, केरूनाना छत्रे उमेदीच्या वयात इथेच नोकरीला होते. गणित आणि आकाश यांच्याशी मराठी माणसाचं आधुनिक नातं जुळलं ते बऱ्याच अंशी याच आवारात.

आत या, पण पाय न वाजवता. जाड भिंतींची खोली, उजेड बेताचा. मधोमध चुंबक टांगलेला आहे. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र किंचित कमीजास्त झालं की तो केसभर वळतो. हे वळणं नुसत्या डोळ्याला दिसत नाही, म्हणून काही अंतरावर दुर्बीण लावली आहे आणि तिच्यातून एक मोजपट्टी वाचायची असते. तासाला एक नोंद. दिवसा, रात्री, सणावाराला, कोसळत्या पावसात, दर तासाला एक. हे काम करणाऱ्या सहायकाकडे पाहा. त्याचं नाव मी तुम्हाला सांगणार नाही, पण त्याचा डावा डोळा मिटलेला आहे, उजवा भिंगाला लागलेला आहे आणि हातात बोरू तयार आहे.

पावणेदहाच्या सुमारास मोजपट्टीवरचा आकडा हलतो. सहायक डोळा काढून पुन्हा लावतो. चूक नाही. अशा वेळी काय करायचं ते इथे ठरलेलं आहे: क्षेत्र अस्वस्थ झालं की तासाची वाट पाहायची नाही, पंधरा मिनिटांनी वाचायचं, तेही कमी पडलं तर पाच मिनिटांनी. तो पाच मिनिटांवर येतो. आकडा उतरतोय. पुढची पाच मिनिटं, अजून खाली. अकराच्या सुमारास तो जिथे पोचतो तिथे या खोलीतल्या कुणीही तो पाहिलेला नाही. ‘नॅनोटेस्ला’ हे एकक अजून अस्तित्वात यायचं आहे, पण आजच्या मापात सांगायचं तर क्षितिजसमांतर क्षेत्र जवळजवळ 1600 नॅनोटेस्लांनी घसरलं आहे. नेहमीच्या मूल्याच्या 4 टक्क्यांच्या आसपास. आकाश शांत आहे, समुद्र शांत आहे, रस्त्यावर कुणाला काही कळलेलं नाही, आणि या खोलीत मात्र पृथ्वीचं चुंबकत्व हललं आहे.

आदल्या दिवशी, इंग्लंडात सकाळी सव्वाअकराच्या सुमारास, रिचर्ड कॅरिंग्टन सूर्यावरच्या डागांचं चित्र काढत बसले होते. डागांच्या समूहात अचानक दोन पांढरेशुभ्र ठिपके पेटले आणि पाचेक मिनिटांत विझले. रिचर्ड हॉजसन यांनीही दुसऱ्या ठिकाणाहून तेच पाहिलं. त्यानंतर साडेसतरा तासांनी कुलाब्याचा आकडा हलला. लंडनजवळच्या क्यू आणि ग्रिनिच इथे तोवर छायाचित्रणाच्या कागदावर आपोआप नोंद घेणारी यंत्रं बसली होती. नवीन, झकास, माणसाशिवाय चालणारी. त्या दिवशी त्यांच्यातला प्रकाशाचा ठिपका कागदाच्या कडेबाहेर निघून गेला. घसरणीचा तळ कागदावर उमटला नाही. कुलाब्याच्या माणसाने मात्र तो डोळ्याने वाचला. जवळजवळ दीडशे वर्षांनी, 2003 मध्ये, शास्त्रज्ञांनी या वादळाचा जोर पुन्हा मोजायला घेतला तेव्हा त्यांच्या हाताशी मुंबईची ही वही होती.

मला तुम्हाला दाखवायचं आहे ते या वहीतलं एक साधं शहाणपण: दोन नोंदींमध्ये किती वेळ जातो, यावर काय दिसणार ते ठरतं. तासाला एकदा पाहिलं असतं तर हे वादळ चार-दोन आकड्यांत येऊन गेलं असतं. पाच मिनिटांनी पाहिलं म्हणून त्याला आकार आला. पुढच्या सगळ्या प्रवासात हे मनात असू द्या, कारण आपण पाच मिनिटांवरून खाली खाली उतरत जाणार आहोत.

पण आधी कोडं समजून घ्या. सूर्यातून जे निघतं ते प्लाझ्मा असतं, म्हणजे इलेक्ट्रॉन आणि आयन सुटे झालेला, वीज वाहणारा वायू. तो आपल्याबरोबर सूर्याचं चुंबकीय क्षेत्र घेऊन येतो. गजरा डोळ्यांपुढे आणा. दोरा ही चुंबकीय बलरेषा, फुलं हे प्लाझ्माचे कण. फुलं दोऱ्यावरून पुढेमागे सरकतील, पण दोरा सोडून शेजारच्या गजऱ्यात जाणार नाहीत. दोरा हलला की फुलं हलतात, फुलं ओढली की दोरा ओढला जातो. स्वीडनच्या हानेस आल्फ्वेन यांनी 1940च्या दशकात हा नियम मांडला. आता पृथ्वीभोवतीही असाच बलरेषांचा गुंता आहे, आपलं चुंबकावरण. सूर्याचे गजरे वेगळे, आपले वेगळे. नियम काटेकोर पाळला गेला तर सूर्याचा प्लाझ्मा आपल्या चुंबकावरणावर आपटून दोन्ही बाजूंनी निघून जायला हवा, नदीतल्या खडकावरून पाणी जातं तसा. मग कुलाब्याच्या खोलीत ऊर्जा आली कुठून? कुठेतरी दोरा तुटला असला पाहिजे. आणि नुसता तुटून चालणार नाही, या दोऱ्याचं टोक त्या दोऱ्याला बांधलं गेलं असलं पाहिजे.

सिडनी, 1946. इथे फार थांबायचं नाही. रोनाल्ड जोव्हानेली सूर्यावरचे भडके अभ्यासत आहेत आणि त्यांना वाटतंय की भडक्यांचा संबंध अशा जागांशी असावा जिथे दोन विरुद्ध दिशांची चुंबकीय क्षेत्रं एकमेकांना खोडून शून्य होतात. ही कल्पना केंब्रिजला फ्रेड हॉइल यांच्यापर्यंत पोचते आणि ते ती आपल्या विद्यार्थ्याच्या हाती देतात: ध्रुवीय प्रकाशाचं कारण हेच आहे का ते बघ. विद्यार्थ्याचं नाव जेम्स डंगी.

त्यांच्यासाठी मात्र पॅरिसला थांबू. मोंपार्नास भागातला, पदपथावर खुर्च्या टाकलेला एक कॅफे. डंगींनी पुढे स्वतःच सांगितलंय की चित्र त्यांच्या मनात पूर्ण जुळलं ते इथे, एका व्याख्यानाची तयारी करत असताना. तुम्ही शेजारच्या टेबलावर बसा आणि टेबलावर बोटाने काढून पाहा. डावीकडे सूर्य. उजवीकडे पृथ्वी, तिच्या बलरेषा विषुववृत्तावर उत्तरेकडे तोंड करून. सूर्याकडून येणाऱ्या क्षेत्राचं तोंडही उत्तरेला असेल तर काही होत नाही. ते दक्षिणेला असेल तर सीमेवर दोन रेषा समोरासमोर येतात, एक वर जाणारी, एक खाली. तिथे त्या तुटतात आणि उलटसुलट जोडल्या जातात. आता रेषेचं एक टोक पृथ्वीच्या ध्रुवात आणि दुसरं टोक सौरवाऱ्यात. सौरवारा ती ओढत पृथ्वीच्या मागे, रात्रीच्या बाजूला घेऊन जातो. तिथे अशा रेषांची लांबच लांब शेपटी साठते, आणि एका जागी वरच्या-खालच्या रेषा पुन्हा एकमेकींना भेटून जोडल्या जातात. ताणलेली रेषा पृथ्वीकडे झटक्याने परत येते, गोफण सुटावी तशी, आणि तिच्यातले कण ध्रुवांकडे फेकले जातात. ध्रुवीय प्रकाश. 1961 मध्ये हे सगळं अगदी छोट्या लेखात छापून आलं. रेषांच्या या तुटण्या-जोडण्याला आपण मराठीत चुंबकीय पुनर्जोडणी म्हणू. मला हा शब्द आवडतो, कारण यात तुटण्यापेक्षा जोडण्यावर भर आहे, आणि निसर्गात महत्त्वाचं तेच आहे.

लोकांना पटलं का? सहज नाही. खुद्द आल्फ्वेन यांनी, ज्यांच्या नियमाला इथे अपवाद केला जात होता, या कल्पनेला अखेरपर्यंत कडाडून विरोध केला. शिवाय गणित अडत होतं. पीटर स्वीट यांनी 1956 मध्ये स्टॉकहोमच्या परिषदेत पुनर्जोडणीचा हिशोब मांडला, युजीन पार्कर यांनी तो पुढे नेला, पण त्या हिशोबाने पुनर्जोडणी फारच सावकाश होते. सूर्यावरचा भडका मिनिटांत उडतो, गणित म्हणतं आठवडे, महिने लागतील. 1963 मध्ये अमेरिकेत मेरीलँडच्या गोडार्ड अंतराळ केंद्रातल्या परिषदेत हॅरी पेटशेक यांनी ती वेगाने कशी होऊ शकेल याची एक वाट दाखवली. गोडार्ड हे नाव लक्षात ठेवा, आपण तिथे जन्मलेल्या चार भावंडांकडे चाललो आहोत. पण वाट दाखवणं वेगळं आणि ती जागा स्वतः पाहणं वेगळं. दोरा ज्या गाठीत तुटतो ती गाठ नेमकी कशी आहे, तिथे इलेक्ट्रॉन काय करतात, हे कागदावर कितीही काढलं तरी कुणीतरी तिथे जाऊन बघायला हवं होतं.

8 सप्टेंबर 1978. आयसी नावाचे दोन जोडीचे उपग्रह चुंबकावरणाची सीमा ओलांडताना अतिवेगवान प्लाझ्माचा झोत टिपतात. जोडणीनंतर गोफणीतून सुटलेला धोंडा तो हाच. पुढच्या वर्षी ‘नेचर’मध्ये लेख येतो. आता शंका फारशी उरत नाही. पण झोत म्हणजे धूर, विस्तव नव्हे. एक उपग्रह असला तर काही बदललं की कळतच नाही, जागा बदलली म्हणून बदललं की काळ बदलला म्हणून. दोन असले तर एका रेषेत फरक कळतो. अवकाशातल्या तिन्ही दिशांचा उतार एकाच क्षणी मोजायचा तर कमीत कमी चार हवेत, चतुष्फलकाच्या चार टोकांवर. तीन दगडांची चूल मांडतात त्यावर चौथा दगड ठेवा, तशी रचना.

चारांची पहिली मोहीम पाहायची आहे? मन घट्ट करा.

4 जून 1996, सकाळ, फ्रेंच गयानातलं कूरू. खारफुटीच्या दलदलीपलीकडे नवंकोरं एरियान-5 उभं आहे, त्याचं हे पहिलंच उड्डाण. पोटात युरोपच्या ‘क्लस्टर’ मोहिमेचे चार उपग्रह. त्यांवर दहा दहा वर्षं काम केलेली माणसं दूर अंतरावर उभी आहेत. तुम्ही त्यांच्यातच उभे आहात. इंजिनं पेटतात. तुम्ही मोजायला लागता. सदतीस सेकंद होतात आणि रॉकेट एकाएकी मान वळवतं, स्वतःच्या वेगाच्या भाराने मोडतं आणि पेटत खाली येतं. कारण शोधल्यावर जे सापडलं ते वाचताना आजही पोटात कालवतं: आधीच्या एरियान-4 वरून जसाच्या तसा उचललेला आज्ञावलीचा तुकडा, आणि त्यात आडव्या वेगाचा 64 बिटांचा आकडा 16 बिटांच्या जागेत कोंबायचा प्रयत्न. नव्या रॉकेटचा वेग जुन्यापेक्षा जास्त, आकडा मावला नाही, दिशा सांगणारं यंत्र बंद पडलं. लोक दलदलीत उतरून तुकडे वेचत होते.

चार वर्षांनी, 2000 च्या जुलै-ऑगस्टमध्ये, बैकोनूरहून क्लस्टर पुन्हा उडाली. रुंबा, साल्सा, सांबा, टँगो अशी चौघांची नावं, नाचांवरून ठेवलेली. ती माणसं पुन्हा उभी राहिली, आणि त्यांनी वीस वर्षांहून जास्त काळ काम करणारे उपग्रह दिले, याचं मला अपार अप्रूप आहे. पण क्लस्टरचा उपग्रह चार सेकंदांत स्वतःभोवती एक गिरकी घेत असे आणि कणांचं सर्व दिशांचं पूर्ण चित्र त्याला एका गिरकीत एकदाच मिळे. कुलाब्याची पाच मिनिटं आता चार सेकंदांवर आली होती. गाठ पाहायला तेही पुरेसं नव्हतं. का, ते तुम्हाला आता प्रत्यक्षच दाखवतो.

16 ऑक्टोबर 2015. नवरात्र चालू आहे. महाराष्ट्रात तिन्हीसांजेचे साडेसहा वाजून गेलेत, कुठे घटाला माळ घातली जातेय, कुठे आरती चालू आहे. तुम्ही या सगळ्यापासून लांब आहात. पृथ्वीच्या केंद्रापासून तिच्या सुमारे 12 त्रिज्या अंतरावर, म्हणजे 75 हजार किलोमीटरांच्या आसपास, सूर्याच्या बाजूला, थोडं मावळतीकडे कललेल्या दिशेत. मागे वळून पाहिलंत तर पृथ्वी आहे, हात लांब केला तर मुठीत मावेल एवढी. पुढे सूर्य. आणि तुमच्या पायाखाली एक अष्टकोनी यंत्र मिनिटाला तीन गिरक्या घेत आहे.

हे एमएमएस. नासाची मोहीम, गोडार्डमध्ये बांधलेली, जिम बर्च यांच्या नेतृत्वाखाली, त्याच वर्षी 12 मार्चच्या रात्री केप कॅनाव्हरलहून उडालेली. सारखी चार याने. प्रत्येक साधारण साडेतीन मीटर रुंद, सव्वा मीटर उंच. पण हा झाला फक्त गाभा. त्यातून चार बाजूंना प्रत्येकी 60 मीटर लांब तारा निघाल्या आहेत, विद्युतक्षेत्र मोजायला. त्यांच्या टोकांना जरा पाहा, सूर्यप्रकाशात कोळ्याच्या धाग्यासारख्या चमकतात. आणि पाच मीटर लांबीच्या दोन दांड्यांच्या टोकांना चुंबकमापक बसवले आहेत. यंत्राच्या पोटात मोटारी आहेत, विजेचे प्रवाह आहेत, धातू आहेत. कुलाब्याला तुम्हाला किल्ल्या बाहेर ठेवायला लावल्या, इथे शक्य नाही, म्हणून मापकच यंत्रापासून दूर धरला आहे.

आणखी एक अडचण आहे आणि तिच्यावरचा उपाय मला फार सुंदर वाटतो. ऊन पडलं की यानाच्या पत्र्यातून इलेक्ट्रॉन उडतात आणि यान स्वतः धनभारित होतं. मग बाहेरचे मंद इलेक्ट्रॉन त्याच्याकडे ओढले जातात आणि मोजणी बिघडते. हा भार उतरवायला यानावर एक छोटी दिवटी आहे, ती इंडियम धातूचे आयन बाहेर सोडत राहते. धनभार बाहेर, यान शांत. ज्याला दुसऱ्याचं नीट ऐकायचं आहे त्याने आपला आवाज खाली आणावा, हे यंत्रालाही शिकवावं लागतं.

बाकीची तिघं तुमच्यापासून दहा किलोमीटरांच्या आसपास. अवकाशाच्या मानाने ही खेटून उभं राहण्याची पद्धत आहे. पुढच्या वर्षी, सप्टेंबर 2016 मध्ये, ती आणखी जवळ येतील, सरासरी 7.2 किलोमीटरांवर, आणि तो विक्रम ठरेल.

आता वेळ. जागतिक घड्याळात 13 वाजून 7 मिनिटं. आपण काळ सावकाश करूया.

तुमच्या एका बाजूला पृथ्वीचं क्षेत्र आहे, बलरेषा उत्तरेकडे. दुसऱ्या बाजूला सूर्याकडचं, बलरेषा दक्षिणेकडे. दोघांमधली सीमा कुठे स्थिर उभी नसते, सौरवाऱ्याच्या दाबाप्रमाणे पुढेमागे होते, शिडासारखी. यान सीमेकडे जात नाही, सीमाच यानावरून धावत येते, सेकंदाला काही दहा किलोमीटरांच्या वेगाने. आणि गाठ? ज्या जागी इलेक्ट्रॉनसुद्धा दोरा सोडतात ती जागा जाडीला फक्त काही किलोमीटर आहे. हिशोब करा. ती तुमच्या अंगावरून जायला सेकंदाचा छोटासा अंश लागेल. चार सेकंदांनी पाहणाऱ्याच्या दोन नोंदींमधून ती कधीच निसटून गेली असती. एमएमएसवर म्हणूनच गिरकीची वाट पाहत नाहीत. चारही बाजूंना डोळे बसवलेत आणि इलेक्ट्रॉनांची पूर्ण नोंद दर 30 मिलिसेकंदांनी होते. पापणी लवायला लागतो त्या वेळात तीन-चार नोंदी.

पहिली नोंद. चुंबकीय क्षेत्र कमी होत चाललं आहे. कुलाब्याला 37 हजारांच्या घरात असलेलं क्षेत्र इथे मुळात काही दहा नॅनोटेस्लाच, तेही आता मावळतंय.

पुढच्या नोंदी. आजूबाजूला एका घन सेंटिमीटरमध्ये जेमतेम दहा-एक कण, पृथ्वीवरच्या कुठल्याही निर्वात पात्रापेक्षा रिकामं, आणि तरी त्यांच्यात काहीतरी पेटलं आहे. प्रवाह वाढला. चारही यानांनी क्षेत्राचा उतार एकत्र मोजला म्हणून प्रवाह किती ते काढता येतं, आणि यानांवरच्या इलेक्ट्रॉन-आयनांच्या मोजणीतूनही थेट तेच निघतं. चुंबकीय ऊर्जा कणांना दिली जात आहे.

आणि आता ही नोंद. इलेक्ट्रॉनांचे वेग कुठल्या दिशेला किती, याचं चित्र काढलं की एरवी त्यात गोल ठिपका उमटतो, कण सगळीकडे सारखे पसरलेले असतात म्हणून. पण इथे गोल नाही. इथे चंद्रकोर आहे. नीट रेखलेली, नऊवारी लुगड्यातल्या सुवासिनीच्या कपाळावर असावी तशी. तिचं कारण असं: सूर्याकडचा एक इलेक्ट्रॉन सीमा ओलांडून आत येतो, सीमेवरचं विद्युतक्षेत्र त्याला जोराने ढकलतं, पलीकडे पृथ्वीचं क्षेत्र त्याला वळवतं आणि परत फिरवतं. ज्यांना हे वळण घेता येतं तेच इलेक्ट्रॉन तिथे सापडतात, आणि अशांचे वेग मांडले तर कोर उमटते. मायकेल हेसे आणि सहकाऱ्यांनी संगणकावर हे घडवून पाहून 2014 मध्ये लिहून ठेवलं होतं की गाठीजवळ कोर दिसेल. एक वर्षही उलटलं नव्हतं तोच ती समोर आली.

आणखी काही नोंदी, आणि कोरीचा कल बदलतो. आधी ती बलरेषेला आडवी होती, आता रेषेच्या दिशेने वळली. म्हणजे इलेक्ट्रॉन आता दोऱ्यावरून पळू लागलेत, बाहेरच्या दिशेला. जी रेषा काही क्षणांपूर्वी दोन्ही टोकांनी पृथ्वीत होती तिचं एक टोक सुटलं आहे. डंगींनी कॅफेत काढलेली तुटकी रेषा तुम्ही याचि डोळां पाहिलीत. दहा किलोमीटरांवरची तुमची भावंडं याच क्षणी थोडं निराळं सांगत आहेत. इतक्या जवळ असूनही प्रत्येकाचं चित्र वेगळं, इतकी ती गाठ लहान.

गेली. सीमा तुमच्यावरून निघून गेली.

पण ही नोंद जमिनीवर पोचेलच असं नव्हतं, आणि हा भाग सांगितल्याशिवाय मी तुम्हाला परत नेणार नाही. 30 मिलिसेकंदांच्या नोंदी इतक्या प्रचंड असतात की त्यांचा थोडासाच हिस्सा पृथ्वीवर पाठवता येतो. म्हणून आधी जाडीभरडी माहिती खाली येते आणि पाळीवर असलेला एक शास्त्रज्ञ ती डोळ्यांखालून घालतो. कुठल्या पाच-दहा मिनिटांत काहीतरी विशेष घडलेलं दिसतंय, त्यावर तो खूण करतो. खूण केलेलं येतं, बाकीचं यानातच पुसलं जातं. संगणकही निवड सुचवतो, पण माणसाची नजर आवर्जून ठेवली आहे. आकडा हलला की तासाची वाट न पाहता पाच मिनिटांवर यायचं, हे ठरवणारा कुलाब्याचा सहायक आणि पडद्यापुढे बसून सोळा ऑक्टोबरच्या त्या तुकड्यावर बोट ठेवणारा माणूस, या दोघांच्या कामात मला तसूभरही फरक दिसत नाही.

2016 मध्ये ‘सायन्स’मध्ये हे सगळं छापून आलं. पुढे 11 जुलै 2017 ला हीच चार याने रात्रीच्या बाजूला, शेपटीत, 22 त्रिज्यांवर दुसऱ्या गाठीतून गेली. तिथे दोन्ही बाजूंचा प्लाझ्मा सारखाच, त्यामुळे चित्र निराळं. आणि 2018 मध्ये चुंबकावरणाबाहेरच्या खळाळत्या प्लाझ्मात अशी पुनर्जोडणी सापडली जिच्यात फक्त इलेक्ट्रॉन भाग घेतात, आयनांना पत्ताच लागत नाही. प्रत्येकावर स्वतंत्र थांबण्यासारखं आहे, पण तुमच्या किल्ल्या एका ठिकाणी ठेवल्या आहेत आणि तिथे वेळेत पोचायला हवं.

11 मे 2024, सकाळ. अलिबाग.

कुलाब्याहून इथे का? मुंबईत विजेच्या ट्राम येणार होत्या. त्यांच्या प्रवाहाने चुंबक भरकटला असता. तेव्हा कुलाबा वेधशाळेचे प्रमुख नानाभाई मूस होते, त्या पदावर बसलेले पहिले भारतीय. चुंबकीय नोंदी 1904 मध्ये खाडीपलीकडे अलिबागला सुरू झाल्या आणि 1906 पर्यंत दोन्हीकडे एकाच वेळी घेतल्या गेल्या, जुन्या आणि नव्या नोंदींचा सांधा नीट जुळावा म्हणून. दोन वर्षं दुप्पट काम, फक्त सांध्यासाठी. इमारतींसाठी पोरबंदरचा दगड आणला, कारण कोकणातल्या काळ्या पाषाणात लोह असतं. नारळीपोफळीत उभ्या असलेल्या त्या बसक्या इमारती आज पनवेलच्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेकडे आहेत.

काल रात्री साडेदहानंतर सूर्याकडून निघालेले प्लाझ्माचे लोट एकामागून एक येऊन थडकले. 15 लाख किलोमीटरांवरच्या आदित्य-एल1 ने ते पृथ्वीपाशी पोचण्याआधीच मोजले होते. क्षेत्राचं तोंड दक्षिणेला होतं. सूर्याच्या बाजूची सीमा दाबली गेली, रेषा तुटल्या, जोडल्या गेल्या, मागे ओढल्या गेल्या. लडाखमध्ये हान्लेच्या आकाशात रात्री लालसर उजेड दिसला. आणि आता सकाळचे आठ वाजत आहेत, जगभरच्या नोंदींतून काढलेला वादळाचा निर्देशांक उणे 400 नॅनोटेस्लांच्या खाली गेला आहे, गेल्या वीस वर्षांतला सर्वांत खोल.

आत या. पाय न वाजवता. पडद्यावर एक रेघ आहे, रात्रभर उतरत आलेली. कुठे ती दातेरी आहे, कुठे एकदम ढासळली आहे. तुम्ही आता तिच्याकडे पाहताना तुम्हाला रेघेच्या मागचं दिसतं: शिडासारखी सीमा, काही किलोमीटरांची गाठ, तिच्यातली चंद्रकोर. एमएमएसची चारही याने या क्षणी वर आहेत, आपापल्या कक्षेत गिरक्या घेत.

रेघेच्या टोकाला एक नवा ठिपका पडतो. जरासा वर. मग पुन्हा खाली. क्षेत्र सावरायला अजून दिवस लागतील.

तुमच्या किल्ल्या दाराबाहेरच्या फळीवर आहेत. मोबाइलही. पट्टा बाहेर गेल्यावर बांधा.